वळणावरचं फाटक

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी चंद्रपूरच्या एका कार्यालयात आरेखक होतो. इतरांनी मोजलेली जमीन कागदावर उतरवायची, एवढंच माझं काम. त्या वर्षी सिंदेवाहीकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यालगत लहान उद्योगांसाठी जागा आखायचं ठरलं. भाताची गिरणी, आरा मशीन, बांबूच्या चटयांचं केंद्र. आमचं गाव तिथून दोन मैलांवर. नवरा गेल्यापासून माझी थोरली बहीण माहेरीच होती. भाताची रोवणी आणि कापणी सोडली तर तिच्या हाताला काम नसायचं. म्हणून या कामात माझा जीव अडकला होता.

मोजणीच्या दिवशी मीही साहेबांबरोबर गेलो. नाल्यावरचा पूल ओलांडला की रस्ता उतरत उतरत वळायचा. दोन्ही बाजूंना साग. वळण संपतं तिथेच फाटकाची जागा आखली होती. रस्त्याच्या गँगमधली एक बाई तिथे खड्डे बुजवत होती. चाळिशीची असेल, आमच्याच समाजातली, शेजारच्या गावची. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "बाबू, इथी काय करून राह्यले तुमी?"

मी सांगितलं. ती मला चढाकडे घेऊन गेली. डांबरावर टायरचे काळे पट्टे होते.

"बांबूचा ट्रक तिथी ब्रेक मारते," ती म्हणाली. मग पट्ट्यांवरून चालत ती खाली आली, फाटकासाठी ठोकलेल्या आमच्या खुंटीच्याही पुढे गेली आणि थांबली. "आन् थांबते इथी. फाटक इथी नोका ठेवू."

जागेच्या मागून गावाची पांदण, बैलगाड्यांची वाट, जात होती. फाटक तिकडून काढता आलं असतं, फक्त त्या वाटेतल्या ओढ्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधावा लागला असता. मी साहेबांना तसं म्हणालो. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी शांतपणे विचारलं, "रपटा मागितला तर ही फाईल किती दिवस पडून राहील, ठाऊक आहे ना तुला? लोकांना काम आत्ता हवंय."

मला बहीण आठवली. मी दुसऱ्यांदा बोललो नाही. कागदावर फाटक मोठ्या रस्त्याकडेच काढलं, आणि ते सुबक काढलं.

पुढच्या वर्षी गिरणी सुरू झाली. बहिणीला काम लागलं. गँगमधली ती बाईही उन्हातलं काम सोडून तिथेच आली. दोघी रोज बरोबर जायच्या. बहिणीच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तेज आलं होतं! मी ते पाहत होतो आणि फाटकाचा विचार करत नव्हतो.

एका दुपारी पाळी सुटली. बायका एकापाठोपाठ एक फाटकातून बाहेर पडत होत्या. ती बाई पुढे होती, बहीण तिच्या मागे चार पावलांवर. पुलाकडून ट्रक आला. त्यानं ब्रेक मारला होता, असं सगळेच म्हणाले; पण तो थांबला फाटकाच्या पुढे जाऊन, आणि ती बाई जागीच गेली.

मी गावी पोचलो तेव्हा बहीण ओसरीवर बसून होती. लुगड्यावरचे डाग तिनं धुतले नव्हते. मी जवळ बसलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो नकाशा तूच काढला होता ना?"

"हो."

"तिनं तुले सांगतलं होतं म्हणे. मले रोज सांगे ती, तुह्या भावाले मी जागा दाखवली होती."

मी मान खाली घातली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

चौकशी झाली. ड्रायव्हरला विचारलं, गिरणीच्या मालकाला विचारलं. मला कोणीच विचारलं नाही. दुपारी कार्यालयात टेबलावर कागद पसरला की पांढऱ्या जागेत बायकांची रांग चालताना दिसायची. मी पट्टी ठेवायचो तिथून ती पुढे सरकायची. एकदा शेजारच्यानं विचारलं, "काऊन रे, कोणाशी बोलतोस?" मी बोलत होतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

शेवटी मी कोणी न सांगता नवा नकाशा काढला. फाटक पांदणीकडून, ओढ्यावर रपटा, मोठ्या रस्त्याकडची बाजू भिंतीनं बंद. जोडीला पानभर टिपण लिहिलं. बाईनं मला काय दाखवलं होतं आणि मी काय केलं, ते सगळं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. माझ्याबद्दलच्या ओळी खोडायला सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी खाली आपलंही म्हणणं लिहिलं आणि सही केली. फाईल फिरत राहिली, पण पावसाळ्याआधी रपटा झाला.

तोवर बहीण घरीच होती. नवं फाटक उघडलं त्या सकाळी ती डबा बांधून निघाली. मी सोबत गेलो. पांदणीवर बैलगाड्यांची चाकोरी, मोहाची पडलेली पानं, बाकी काही नाही. बहीण पुढे चालत होती. रपट्याशी येऊन ती एकदम थांबली. मोठा रस्ता ओलांडायचा असावा तसं तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग हात आडवा धरला, जणू पुढे निघालेल्या कोणाला अडवत होती.

मीही थांबलो. पांदण पुढेमागे रिकामी होती. तिनं हात खाली घेतला नाही, आणि मलाही पुढे जाऊ या असं म्हणवेना.