तिसऱ्या मजल्यावरची सायकल

गाव सोडलं त्या सकाळी मी टेम्पोवाल्याला ऐटीत सांगितलं, "झालं सगळं, घे गाडी." फाट्यावर आल्यावर लक्षात आलं, बायको घरीच राहिली. ती शेजारणींचा निरोप घेत होती आणि मी कपाटाच्या दोऱ्या आवळत होतो. पुतण्याच्या स्कूटरवर बसून ती आली. थोरले बंधू अण्णा फोनवर म्हणाले: "निघतानाच विसरलास. तिकडे नीट सांभाळ तिला."

रोह्याकडची तुम्ही मंडळी अजून विचारता, करंजाड्याचं घर कसं आहे? छान आहे. तिसरा मजला म्हणून वारा भरपूर, लिफ्ट नाही म्हणून व्यायामही भरपूर. गावी सायकल पडवीत टेकवली की काम संपलं. इथे तिथूनच सुरू होतं.

बायकोला, सुनंदाला, कामोठ्याच्या एका पाळणाघरात काम मिळालं. आयुष्यातली पहिली नोकरी! कामावर पहाटेच पोचायचं, तेव्हा रिक्षा मिळेना, म्हणून तिच्यासाठी इलेक्ट्रिक सायकल घेतली. घेताना मी रंग पाहिला, वजन पाहिलं नाही. बॅटरी सांगाड्यातच बसवलेली, सुटी निघत नाही. आणि खाली पार्किंगमध्ये चार्जिंगला सोसायटीची मनाई. म्हणजे संध्याकाळी सायकल वर आली नाही, तर सकाळी नोकरी नाही.

"मी आहे ना," म्हणालो. हँडल माझ्याकडे, मागचं चाक तिच्याकडे. प्रत्येक वळणावर मी भिंत आणि पेडलच्या मध्ये. पहिल्या मजल्यावरच्या मावशी, मूळच्या इथल्याच, मुद्दाम दार उघडून बघायच्या. "आरं भाऊ, तू तिला नेतंस का ती तुला? तुझ्याशी व्हायचा नाय ह्या!"

नाहीच झालं. महिन्याभरात कंबर धरली, डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केली. सुनंदा म्हणाली, "सोडते मग नोकरी. तिथली पोरं काय, विसरतील मला." आणि कणीक मळायला गेली. ती एवढा वेळ कणीक कधी मळत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलंगावर पडलेलो. जिन्यात घुर्रर्र झालं. थांबलं. पुन्हा घुर्रर्र. मग मावशींचा आवाज, "चल गो बाय, थांबू नको! आला वर!" कंबर धरत दार उघडलं, तर ओढणी कमरेला बांधून, घामाघूम सुनंदा उभी, शेजारी सायकल. सायकल हळूहळू पुढे चालवायचं एक बटण तिला आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. ते दाबून पायरी चढवायची, ब्रेक धरून दम खायचा. मावशी सोबत होत्या त्या नुसत्या ओरडायला.

गाव आठवतं, नाही असं नाही. पण आता घर म्हटलं की मला तो जिन्यातला आवाज ऐकू येतो. अण्णांनी तिला सांभाळायला सांगितलं होतं; खरं कोण कुणाला सांभाळतं, तेही त्या दिवशी कळलं. हे सगळं मी तिथेच उभ्या उभ्या तिला सांगायला लागलो.

"अहो, अभिमान मग वाटू दे," ती म्हणाली. "आधी दारातून बाजूला व्हा. हिला चार्जिंगला लावायचीय."