वीज गेली तरी आठवणारी चकती

वीज गेली की अख्खी कंपनी चडफडायची आणि नाना हसायचे. ऑफिसातल्या नव्या कॉम्प्युटरवर अर्धं टाइप केलेलं पत्र पुसलं जायचं, टायपिस्ट डोक्याला हात लावून बसायची, आणि बेलवलीहून कामाला येणारे हे नाना दारातून विचारायचे, "गेली का त्याची आठवण? आमची चकती बघा, वीज काढली तरी विसरत नाही!" असा राग यायचा म्हणून सांगू!

अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात आम्ही बझरच्या चकत्या करायचो. पांढरी पावडर मिलमध्ये दळायची, दाबून चकत्या पाडायच्या, भट्टीत भाजायच्या. मग गरम तेलात बुडवून जबर व्होल्टेज द्यायचं. तेवढ्यानं चकतीच्या आतल्या विजेला जी दिशा लागायची ती कायमची. नंतर नुसती दाबली तरी मीटरचा काटा उडायचा. हे शेवटचं काम नानांचं. ती दिशा ओळखता यावी म्हणून प्रत्येक चकतीच्या वरच्या बाजूला लाल ठिपका देत ते म्हणायचे, "पोरी, उद्याचे कॉम्प्युटर असंच लक्षात ठेवणार. फक्त पावडरीचा दाणा किती बारीक होईपर्यंत आठवतं, ते कुणीतरी शोधायला हवं." शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. पण बोलणं इतकं ठाम, की वाद घालायची सोय नाही.

ते शोधलं मीच, आणि तेही गाढवपणानं. आमची सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी निघायच्या घाईत मी मिल बंद करायला विसरले. शनिवारी पाहते तर ती फिरतेच आहे! गुपचूप बंद केली. त्याच पावडरीच्या चकत्या पाडल्या, तर त्या लॉटमधल्या एकाही चकतीवर काटा हलेना. साहेब म्हणाले, पावडरच भेसळीची. ती पुरवणाऱ्या उल्हासनगर कॅम्प दोनच्या शेठचा माल बंद करा. मी मिलचं नाव काढलं नाही. मला अजून कायम केलं नव्हतं आणि घर माझ्या एकटीवर होतं.

नानांनी ती पावडर चिमटीत चोळून बघितली आणि मला बाजूला घेतलं. "शुक्रवारी मिल चालूच होती ना?"

मला रडूच फुटलं. "नाना, नोकरी जाईल हो माझी."

"जाईल तर जाईल. त्या बिचाऱ्या शेठचं गिऱ्हाईक का तोडायचं? चल, मी येतो सोबत."

साहेबांसमोर मी सगळं सांगितलं. साहेब भडकलेच. नाना मात्र शांतपणे म्हणाले, "साहेब, दाणा फार बारीक झाला की आठवण मंदावते, हे आज कळलं. हिला काढलंत तर हे शिकलेलं माणूस दुसऱ्याच्या कामी येईल. त्यापेक्षा मिलला टायमर बसवा." टायमर बसला. मीही राहिले.

निवृत्तीच्या दिवशी नानांनी माझ्या हातावर एक चकती ठेवली. त्याच बिघडलेल्या लॉटमधली. तीनदा गरम तेलात घालून पुन्हा व्होल्टेज देऊन बघितलं होतं म्हणे. "कमी आठवते, पण साफ विसरलेली नाही. बारीक दाण्यालाही लक्षात ठेवायला शिकवेल कुणीतरी. बघशील तू."

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच कारखान्याची लॅब सांभाळत होते. ती चकती काढली, मीटरच्या वायरी लावल्या, लाल ठिपका वर धरला आणि अंगठ्यानं दाबली. डोळ्यांत पाणी होतं, तरी दिसलं. काटा केसभर हलला.