माझी गाठ प्रयोगशाळेत आहे

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर मी चौथ्यांदा “काय?” म्हटलं तेव्हा तुम्ही दोघं खूप हसलात. हसा. पण आईचा कान सारखा का तपासतात, असंही तुम्ही विचारलंत आणि ती विषय बदलून मोकळी झाली. म्हणून मी लिहिते.

आपल्या घरात एक आनुवंशिक विकार आहे. नसांवर गाठी येतात. त्या कर्करोगाच्या नसतात, पण जागा अडवतात. माझा डावा कान अशाच एका गाठीने नेला. तुमच्या आईच्या कानाच्या नसेवर तशीच एक बारीक गाठ आहे. ती वाढू नये, एवढंच मला हवं आहे.

माझ्या पाठीवरची गाठ काढली, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारून ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेला दिली. तिथे तिच्या पेशी वाढवतात आणि पुढे गोळीतून देता येतील अशी लहान रेणूंची औषधं त्यांच्यावर एकेक करून घालून बघतात.

आपल्या लोणावळ्याच्या घरी भाजे गावाहून दूध घेऊन येणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं.

“म्हंजे टाकली न्हाई?”

“नाही. पुण्याला ठेवलीय.”

“मग तिला खायाला कोन घालतं?”

“तिथली एक मुलगी. वेळच्या वेळी.”

“लय लाड हायती की, मावशी! तुमाला तरी इचारतं का कोन येवढं?”

तेव्हापासून दूध मापताना रोज चौकशी, “गाठ बरी हाय ना?”

प्रयोगशाळेतली मुलगी अधूनमधून फोन करी. “आजी, तुमच्या पेशी फार चिवट आहेत हो.”

“असणारच! आमची खाण्यापिण्याची हयगय नसते,” मी म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी शत्रूचं कौतुक करत होते.

मग एका औषधाने सगळ्या पेशी मेल्या. मी चिक्की घेऊन प्रयोगशाळेत गेले.

“आजी, शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशीही त्याने मेल्या,” ती मुलगी म्हणाली. “नुसतं मारायला काय, फिनाइलही मारतं.” तिने शीतपेटीत गोठवून ठेवलेल्या माझ्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढवायला घेतल्या. चिक्की मात्र खाल्ली.

दूधवाल्या बाई हळहळल्या. “येवढी पोसल्याली!” मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाल्या, “तुमच्या लेकीच्या कानातली मरू द्या. ही ऱ्हाऊ द्या.”

अलीकडे एक औषध असं सापडलंय की त्यात निरोगी पेशी नीट राहतात आणि गाठीच्या वाढत नाहीत. त्याची गोळी व्हायला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही.

माझ्या गाठीच्या पेशी जिवंत आहेत. तुमच्या आईला अजून दोन्ही कानांनी ऐकू येतं.