माकडांना ऐकवला इंग्रजी ऑर्केस्ट्रा

दोस्तहो, आज बदला घेतला!

तिगावात माझ्या संत्राबागेला लागून रामदासभाऊची बाग आहे. तो भोंग्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावून माकडं माझ्याकडे हाकलते, वरून हसते.

मीही भोंगा आणला. एका नावाजलेल्या इंग्रज संचालकाच्या वाद्यवृंदाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. पण खरखर सुरू होताच माकडं सावध होत, मग पुढे एकदम वाजणाऱ्या नगाऱ्यांना भीतच नसत.

आज त्याचंच रीमास्टर केलेलं लावलं. खरखर गायब! माकडं निवांत संत्री सोलून राहिली होती, अन् एकदम नगारे धडाडले. सारी टोळी रामदासच्या बागेत!

संध्याकाळी तो आला. "भाऊ, ते म्युझिक मलेही पाठव ना."

लगेच पाठवलं. जुनं, खरखरवालं.

सांगा, शेजारधर्म पाळला का नाही?