गावातच न उघडणारी गावची साइट

"सर, आमच्या बाजूने सगळं ओके दाखवतंय. तुम्ही एकदा राउटर बंद करून चालू करा."

"मॅडम, सकाळपासून राउटर इतक्या वेळा बंद-चालू केलाय की त्याचं बटण ढिलं झालंय. यूट्यूब चालतं, बातम्या चालतात, बाकी सगळं चालतं. फक्त आमची साइट उघडत नाही."

"मग साइटमध्येच प्रॉब्लेम असेल सर."

इंटरनेटच्या हेल्पलाइनला वायफायवरूनच फोन लावलेला, तिथल्या मॅडमचं हे वाक्य मला लागलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. कॉम्प्युटर. ही साइट मी स्वतः बनवलेली. तिच्यात प्रॉब्लेम आहे असं कोणी म्हटलं की मला तो आमच्या अख्ख्या घराण्याचा अपमान वाटतो.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. मी तिथल्या महिला गटाचं कॉम्प्युटरचं सगळं काम बघतो. गटातल्या बाया आपल्या खाचरातला इंद्रायणी तांदूळ साइटवरून थेट पुण्याला विकतात. मोबाईलला गावात रेंज नाही. पण घोडेगावच्या बाळूशेठने फायबरची वायर खांबाखांबावरून वर आणली, आणि आमचा धंदा सुरू झाला. बाळूशेठ पूर्वी टीव्हीची केबल द्यायचा, आता इंटरनेट देतो. वायर बदलली, माणूस तोच.

साइट बंद म्हणजे नेमकं काय अडलं, ते सांगतो. पुण्यातल्या एका हॉस्टेलच्या मेसने आम्हाला ट्रायल ऑर्डर द्यायचं कबूल केलं होतं. जमलं तर कायमचं गिऱ्हाईक. ऑर्डर साइटवर येते आणि आम्ही ती त्याच दिवशी पॅनेलवर 'ॲक्सेप्ट' करायची असते. पॅनेल म्हणजे साइटचं मागचं दार, दुकानदाराने आत यायचं. ॲक्सेप्ट केली नाही तर ऑर्डर आपोआप कॅन्सल. मेसच्या दोन ऑर्डरी अशाच कॅन्सल झाल्या. मॅनेजरने व्हॉट्सॲपवर कळवलं, 'सोमवारी शेवटची टाकतो. तीही गेली तर आपला रामराम.'

गटाच्या अध्यक्ष सुमनताई. त्यांच्या शब्दावर बायांनी यंदा व्यापाऱ्याला तांदूळ घातला नव्हता. सगळी पोती ताईंच्या पडवीत छताला टेकलेली. घरात शिरायचं तर आडवं होऊन शिरावं लागायचं.

"संदीप, बाया रोज इचारत्यात," ताई म्हणाल्या. "म्या काय सांगू? मशीन आजारी हाय?"

"ताई, मशीन ठणठणीत आहे."

"मग तू आजारी हाय का?"

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, पाहुण्यांना घेऊन ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेलो. रांगेत उभ्या उभ्या मोबाईलवर साइट उघडून बघितली. फटकन उघडली! पुढच्या आजी म्हणाल्या, "बाळा, देवापुढं तरी मोबाईल ठेव." त्यांना काय सांगणार, मी देवाच्या दारात माझ्या डिग्रीची अब्रू वाचताना बघत होतो.

साइट ओझरला चालते, पुण्यात चालते. चालत नाही ती फक्त बाळूशेठच्या वायरीवर. गावात आलो आणि ट्रेसची कमांड दिली. आपण पाठवलेलं डेटाचं पाकीट कोणत्या कोणत्या नाक्यावरून पुढे गेलं, हे ती दाखवते. आमचं पाकीट घोडेगावात बाळूशेठच्या मशीनपर्यंत जायचं आणि तिथेच बसायचं.

एक चोरवाट होती, व्हीपीएन. म्हणजे आपली गाडी दुसऱ्याच्या रस्त्याने फिरवून न्यायची. मी फुकटातला व्हीपीएन लावला. तो परदेशातून फिरून येतो. पण भारताबाहेरून कोणी पॅनेलमध्ये घुसू नये, अशी सेटिंग मीच मोठ्या हुशारीने करून ठेवलेली. माझ्याच साइटने मला परदेशी ठरवून बाहेर काढलं. ती सेटिंग बदलायलासुद्धा पॅनेलच उघडावं लागतं.

सोमवारी पहिल्या एसटीने घोडेगाव गाठलं.

बाळूशेठच्या ऑफिसात शिरलो तर समोर मोठी फ्रेम. बाळूशेठ खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि शेजारी हसणाऱ्या आमच्या सुमनताई.

"हा कसला फोटो, शेठ?"

"आरं, तुमच्याच गावात सत्कार झाला की माझा! मोबाईलवर पोरं पत्त्यांचा जुगार खेळायची. तुमच्या बाया ग्रामसभेत लई भडकल्या. ताई सवता हितं आल्या. म्हनल्या, 'शेठ, ही साइट बंद करा.' म्या त्याच दिवशी केली. पेपरात आलं व्हतं."

तेव्हा मी भातझोडणीसाठी मामाकडे डिंगोऱ्याला होतो. सत्कार माझ्या गैरहजेरीत उरकला.

"शेठ, बंद केली म्हणजे नेमकं काय केलंत?"

त्यांनी इंजिनिअरला हाक मारली. त्याने सांगितलं, "आयपी ब्लॉक केला."

आयपी म्हणजे इंटरनेटवरचा घरनंबर. पण प्रत्येक साइटला स्वतंत्र घर नसतं. स्वस्तातल्या साइटी एकाच मोठ्या चाळीत राहतात, सगळ्यांना मिळून एकच नंबर. आमची साइट अशाच चाळीत होती. चाळ मीच निवडलेली, परवडली म्हणून. आणि आमच्या शेजारच्या खोलीत कोण भाडेकरू होता, तर तो जुगारवाला. बाळूशेठच्या इंजिनिअरने एका खोलीला कडी लावायची सोडून चाळीच्या मुख्य फाटकालाच कुलूप ठोकलं. त्यात आमचा तांदूळ आत अडकला.

"काढा ते कुलूप. आमची साइट त्यात अडकलीय."

बाळूशेठने फ्रेमकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"भाऊ, तुझं बराबर हाय. पन मी उघडलं आन उद्या कुनाचं पोरगं खेळताना घावलं, तर ह्याच बाया माझ्या दारात येतील. सत्कार झाल्यावर उघडायचं कसं, राव?"

"जुगारवाल्याला त्याच्या साइटच्या नावाने ब्लॉक करा. नंबराने नको."

"करतो. पन ताईंनी सवता येऊन सांगावं. त्यांनीच बंद करायला लावलंय."

मी तिथूनच मोबाईल डेटावर पॅनेल उघडलं. मेसची ऑर्डर अजून आली नव्हती. तिथेच बसून राहिलो असतो तर ती ॲक्सेप्ट झाली असती. पण मालाची लेबलं पॅनेलमधूनच निघतात आणि प्रिंटर गावात. आणि रोज घोडेगावात येऊन बसायचं, तर गावात ऑफिस कशाला थाटलं? दुधाच्या टेम्पोत बसून परत फिरलो.

ताई पडवीत तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"म्हंजी म्या बंद करायला लावलं, आन म्याच जाऊन उघडा म्हनू? सगळ्या बायांम्होरं?"

"ताई, जुगार नाही उघडायचा. आपली साइट उघडायची."

"येकच फाटक हाय म्हनतोस ना? मग फाटक उघडलं की तो बी भाईर येणार. आमच्या दत्तूची मोटरसायकल त्यात गेली, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. दत्तू म्हणजे ताईंचा धाकटा दीर. तो या वेळी पडवीच्याच पायरीवर बसला होता, पाठ आमच्याकडे, डोकं मोबाईलमध्ये. गटाच्या वायफायचा पासवर्ड त्याला मीच दिला होता, पोती उचलायला येतो म्हणून. आमचं बोलणं ऐकून तो वळला नाही. तसाच म्हणाला,

"वैनी, ते कवाच चालू झालंय. दुसऱ्या नावानं, दुसऱ्या नंबरानं. बंद फकस्त तुमचा तांदूळ हाय."

मी दत्तूच्या हातातला मोबाईल बघितला. आमच्याच वायफायवर, बाळूशेठच्याच वायरीवर, पत्ते झकास पिसले जात होते. जुगारवाल्याने जागा बदलली होती. कुलूप लावलेल्या चाळीत आता आम्हीच सज्जन लोक उरलो होतो.

ताईंनी सूप खाली ठेवलं. पदर खोचला.

"घोडेगावची येष्टी कवा हाय रं?"

बाळूशेठने ताईंना खुर्ची दिली, पोराला चहा सांगितला. ताई बसल्या नाहीत.

"शेठ, आमची शाल कुठं हाय?"

"शाल? घरी हाय. का ओ ताई?"

"परत द्या. जुगार बंद केल्याबद्दल दिलती. जुगार चालू हाय. आमचा तांदूळ बंद केल्याबद्दल कुनी शाल देत न्हाई."

"ताई, तसं नका म्हनू..."

"मग तांदूळ सोडा, न्हायतर शाल काढा. दोनातलं येक."

बाळूशेठ इंजिनिअरकडे वळून ओरडला, "आरं, बघतो काय? काढ ते!"

चहा यायच्या आत साइट उघडली. बाळूशेठ आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "ताई, उघडलं म्हनून गावात बोलू नका. फोटो तसाच राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या," ताई म्हणाल्या. "माझा बी चांगला आलाय त्यात."

संध्याकाळी गावात येऊन पॅनेल उघडलं. मेसची ऑर्डर येऊन पडली होती. ॲक्सेप्टचं बटण ताईंनी स्वतः दाबलं. इतक्या जोरात, की माझ्या हातातला टॅब सटकून तांदळात पडला. सकाळी लेबलं निघाली, पोती गेली. मेस आता आमचं कायमचं गिऱ्हाईक आहे आणि ताईंच्या पडवीतून सरळ चालता येतं.

साइट मी नंतर त्या चाळीतून हलवली. स्वतंत्र घरनंबर घेतला. थोडं महाग पडतं, पण शेजारी कोण आहे याची काळजी नाही. त्यासोबत एक शिकलो, जे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे काही बंद करणाऱ्याचा सत्कार होतो. उघडून घ्यायचं तर एसटीचं तिकीट आपल्या खिशातून. आणि बंद केलेलं खरंच बंद आहे का, हे बघायला कोणीच जात नाही.

दत्तूच्या जुगाराचं म्हणाल, तर त्यावर ना नावाचा ब्लॉक चालला ना नंबराचा. ताईंनी त्याचा मोबाईल काढून घेतला आणि त्याला पोत्यांच्या तोंडाला शिलाई मारायच्या मशीनवर बसवलं. मोबाईल कुठे ठेवलाय ते त्याला अजून सापडलेलं नाही. अख्ख्या प्रकरणात तेवढंच एक ब्लॉकिंग ज्याला लागायला हवं होतं त्यालाच लागलं.