फळीवरच्या दोन सारख्या बाटल्या

परदेशात गेलो की मी शीतपेयांच्या जुन्या पाट्या शोधतो. पत्र्याच्या, रंग उडालेल्या, अनोळखी लिपीतल्या. नाव वाचता येत नाही, पण अक्षरांचं वळण आणि रंग पाहून पेय कोणतं ते कळतं. फोटो घेतो, गाव आणि वेळ टिपतो आणि जमलं तर त्या देशातली एखादी बाटली घरी आणतो. वर्षानुवर्षं बातमीदारी केल्यामुळे नोंद केल्याशिवाय काही पाहिलं असं वाटत नाही.

बाटल्या मेडशीजवळच्या आमच्या शेतातल्या घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर असतात. वडील, दादा आणि वहिनी तिथे राहतात. मी वाशिमला असतो.

एका वर्षी कंबोडियात होतो. सोबत वाशिमचेच दहा-बारा लोक. दुपारी एका गावाबाहेर गाडी थांबली. समोरच्या टपरीवर पत्र्याची पाटी होती, अर्धी गंजलेली, लाल. तिच्याखाली लाकडी मांडणीत त्याच पेयाच्या काचेच्या बाटल्या ओळीने लावल्या होत्या. आत पिवळसर द्रव. मी पाटीचा फोटो घेतला. तहान लागली होती म्हणून एक बाटली उचलली आणि टपरीवालीला उघडण्याची खूण केली.

ती ओरडलीच. बाटली हातातून ओढून घेतली. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला आला. तिने नरसाळं लावलं आणि ती बाटली त्याच्या टाकीत ओतली. पेट्रोल होतं.

आमच्यातले एक निवृत्त मास्तर खो खो हसले. "भाऊ, पेले असते त डायरेक्ट आपल्या वाशिमकडच्या मालेगावच्या स्टँडावर उतरले असते!"

मीही हसलो. मग हसू थांबलं.

निघण्याच्या तीन दिवस आधी मी शेतावर होतो. तुरीवर अळीची फवारणी चालू होती. औषधाच्या डब्याचं झाकण फुटलं होतं, तळाशी पाव लिटर औषध उरलं होतं. आमच्याकडे उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ओततात. लहानपणापासून हेच पाहिलेलं. फळीवर थायलंडहून आणलेल्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या होत्या. एक सीलबंद, दुसरी आम्ही दिवाळीत पिऊन रिकामी केलेली. मी रिकामी घेतली, औषध ओतलं, झाकण लावलं. गोठ्यात नेऊन ठेवणार होतो. तेवढ्यात तिकिटांबद्दल फोन आला. बोलता बोलता बाटली पुन्हा फळीवर ठेवली आणि निघालो.

दोन्ही बाटल्यांना गळ्यापासून तळापर्यंत एकच नारिंगी वेष्टन होतं. आतलं काही दिसत नव्हतं.

वडिलांना शुगर आहे. गोड बंद आहे. ते चोरून पितात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आणि अशा अपघातांच्या बातम्या मी स्वतः लिहिल्या आहेत. एका बातमीला दोन परिच्छेद पुरतात.

मी घरचा नंबर फिरवला. फोन तिसऱ्यांदा लागला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, फळीवरच्या थायलंडच्या बाटल्या पाहा बरं."

"आता माय! तिकून बाटल्या मोजून राह्यले काय, भाऊजी?"

"पाहा ना लवकर."

भांड्यांचा आवाज आला. "एकच हाय. दुसरी बाबानं नेली वाटते. सकाळच्या यष्टीनं किन्हीराजाले गेले, आत्याबाईकडं. पिशवी कशी छातीशी धरून राह्यले होते, मले तवाच डाऊट आला."

सकाळची एसटी. म्हणजे ते कधीचेच पोचले होते.

"जे राह्यली तिले उघडू नोका. निस्तं झाकण पाहा. खालची पट्टी जोडेल हाय का तुटेल?"

"काहून? काय झालं?"

"पाहा आधी!"

मी वहिनींशी कधी ओरडून बोललो नव्हतो. तेवढ्यात फोन कटला. पुन्हा लावला. लागला नाही. पट्टी जोडलेली, म्हणजे घरची बाटली सीलबंद असेल, तर वडिलांच्या पिशवीत औषध होतं. मास्तर काहीतरी विचारत होते, ते मला ऐकू येत होतं, समजत नव्हतं. मी टपरीच्या बाकावर बसलो. टपरीवालीने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो न घेता पुन्हा नंबर लावला.

पाचव्या प्रयत्नाला वहिनी बोलल्या. "तुटेल हाय पट्टी. अन् झाकणाजवळ वास येते, फवाऱ्याचा." मग आवाज बदलला. "भाऊजी, तुमी काय भरून ठेवलं घरात?"

मी फोन ठेवला. एका माणसाच्या सांगण्यावर बातमी पक्की धरायची नसते. आत्याकडे फोन लावला. वडिलांना द्यायला सांगितलं. त्यांना यायला फार तर अर्धं मिनिट लागलं असेल.

"बाबा, ते बाटली पेले काय तुमी?"

"कोणती बाटली?"

"खरं सांगा. पेले काय?"

"सुनबाईनं सांगतलं वाटते. पेलो थोडीशी, यष्टीतच. बाकीची तुया आत्यानं पेली. तिचंच नाव घे."

"उघडली तवा फुस्स झालं काय?"

"झालं ना. नाकात गेलं माया. पण तू तिकून कायले विचारून राह्यला?"

मी विचारलं मळमळ आहे का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, तोंडाला लाळ सुटते का, आत्याला तसं काही होतं का. सगळ्याला त्यांनी नाही म्हटलं, शेवटी चिडून. मग मी त्यांना दुसऱ्या बाटलीत काय आहे ते सांगितलं. कोणी ओतलं तेही.

 मागे आत्या काय झालं, काय झालं, विचारत होती. 

"दोन्ही सारख्याच तर होत्या," ते म्हणाले. "म्या काही पाह्यलं नाई. हाताले आली ते घेतली."

  फोन चालूच होता, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.