भांड्यांवरचं नाव

रेखा, शिरड शहापूरच्या त्या घरातून मी निघाले तेव्हा तू ओट्यावर तांदूळ निवडत बसली होतीस. कडेवर तीन वर्षांची परी, हातात कपड्यांची पिशवी. तुझ्या मोठ्या दिरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, "माझ्या घरातून चालती हो" म्हटलं, आणि मी खुळी निमूट निघालेही. आपण जावा, तरी तू मान वर केली नाहीस. फार राग आला होता मला तुझा.

माहेरी, साखऱ्याला, बाबांनी पहिलं विचारलं, "हात उचलला का त्यानं? न्हाई ना? मग काहून आलीस?" बाबा वाईट नव्हेत. सुजलेलं तोंड म्हणजेच छळ, असं त्यांना वाटायचं, आणि खरं सांगू, मलाही. नर्सिंगचं सर्टिफिकेट पेटीत, पेटीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, फोन नवऱ्याच्या खिशात, आणि पोरगी झाली म्हणून रोजचे टोमणे. यालाच संसार म्हणतात, अशी माझी समजूत होती.

शाळेतली एक मैत्रीण मला हिंगोलीला संरक्षण अधिकारी मॅडमकडे घेऊन गेली. मी रडत सांगितलं, त्यांनी शांतपणे अहवालात लिहून घेतलं. मग म्हणाल्या, घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात नुसती मारहाण नाही. मुलगा झाला नाही म्हणून हिणवणं, नोकरीपासून अडवणं, स्त्रीधन दाबून ठेवणं, ही सगळी हिंसाच. "आणि बाई, घर कुणाच्याही नावावर असो, तिथं राहायचा तुम्हाला हक्क होता." मला तिथंच हसू फुटलं. एसटीत बसायच्या आधी हे कुणी सांगितलं असतं तर!

पण परत नांदायचं नव्हतंच. मला माझी पेटी हवी होती. सर्टिफिकेटशिवाय दवाखान्यात कोण उभं करणार? कोर्टाचा आदेश झाला आणि मॅडम, एक महिला पोलीस आणि मी सामानाची यादी घेऊन शिरडला आलो. तिथं आडवी आली बाबांची हौस. लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर त्यांनी कौतुकानं जावयाचं नाव घातलं होतं. हंडा, परात, पेटीच्या झाकणावरसुद्धा. जे नाव मी सहा वर्षं तोंडातून काढलं नाही, ते माझी भांडी मिरवत होती.

सासूबाईंनी पेटीवर हात ठेवला. "वाचा की! माझ्या पोराचं नाव हाय." पावती नव्हती, फोटो नव्हता.

तेव्हा तू पदराला हात पुसत बाहेर आलीस.

"नाव भाऊजींचं हाय, पण पेटी अक्काच्या बाबानं आणली. एकाच मांडवात लग्नं झाली आमची, दोघींची भांडी शेजारी मांडली होती. माझ्या बापानंबी असंच जावयाचं नाव घातलं."

"तू मधी बोलू नको," सासूबाई ओरडल्या.

"बोलून राहिले ना. लिहून घ्या, मॅडम."

रेखा, मॅडमनी तुझा शब्द लिहून घेतला, आणि पेटी किल्लीसकट माझ्या हाती आली. सर्टिफिकेट आतच होतं.

आज मी नांदेडला आहे. ड्यूटी, ओपीडी, परीची स्कूल व्हॅन, भाड्याच्या दोन खोल्या. मागच्या महिन्यात बाबा आले आणि पिशवीतून नवा तांब्या काढला. त्यावर फक्त 'वंदना'. "आता बराबर घातलं बघ," म्हणाले, आणि डोळे पुसायला मोरीत गेले.

परवा तू तुझ्या आईच्या फोनवरून हळूच विचारलंस, "अक्का, आता मलाबी चालती हो म्हणून राहिले. तिकडं खोली भेटंल का?" म्हणून हे पत्र आईच्याच हाती पाठवते. भेटेल, खुशाल ये. पण माझ्यासारखी निघून यायलाच पाहिजे असं नाही. तुला त्याच घरात राहायचं असेल, तर कोर्टाच्या आदेशाशिवाय तुला कुणी बाहेर काढू शकत नाही. मी घर कशाला म्हणते, विचारशील तर एवढंच, जिथून कुणी "चालती हो" म्हणत नाही ते. ते नांदेडलाही होतं, शिरडलाही होऊ शकतं. ठरव तू.

रविवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या एसटीनं शिरडला येते. तू ओट्यावर तांदूळ निवडत बस. या वेळी मी बोलते.